पाच वॅट आणि काकूंची चादर

पहाटे साडेपाचला हॅम रेडिओवाल्यांची सीक्यू वर्ल्डवाइड, म्हणजे जगभरातल्या स्टेशनांशी संपर्क साधायची मोर्सवाली कॉन्टेस्ट, सुरू झाली आणि आम्ही गच्चीवर हजर. यंदा हट्टाने क्यूआरपी, म्हणजे फक्त ५ वॅटवर प्रक्षेपण. जिन्यातला एलईडी बल्बसुद्धा ९ वॅटचा आहे! २१ मेगाहर्ट्झसाठी अँटेना म्हणून जेमतेम सात मीटर तार. एक टोक टाकीच्या पाइपला, दुसरं कपड्यांच्या दोरीच्या खांबाला.

सकाळी जपानी पटापट मिळाले. दुपारी युरोप उघडला आणि किलोवॅटवाल्यांच्या गोंगाटात आमचं कोण ऐकतो? एका इटालियनला अकरा वेळा हाक मारली, तेव्हा कुठे ‘व्हीयू?’ आलं, म्हणजे आमच्या भारतीय कॉलसाइनची (स्टेशनच्या ओळख-अक्षरांची) नुसती सुरुवात. डि-डि-डा-डा-डि-डि. त्या प्रश्नचिन्हाने अंगावर काटा आला हो! परत कॉलसाइन दिली. त्याच्याकडून ‘५९९ १५’, माझ्याकडून ‘५९९ २२’. शेवटचे आकडे झोनचे: १५ त्याचा, २२ आपला. धड ऐकू येत नसतानाही ५९९, म्हणजे सिग्नल एकदम खणखणीत. हे सर्वमान्य खोटं मला फार आवडतं.

चारच्या सुमारास एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) अचानक चढला. कनेक्टर, केबल, सगळं तपासलं. वर बघतो तर तारेवर शेजारच्या काकूंची ओली चादर.

“अरे, मला वाटलं नवी दोरी बांधलीस!”

उद्याचा दिवस आहेच. काकूंचे दोन चिमटे राहिलेत माझ्याकडे.