सेकंद बरोबर, मिनिटं चूक

मुंबईत गाडी आठ त्रेचाळीसची असते, पावणेनऊची नसते. त्यामुळे सर्व्हिसिंगहून आलेलं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने चावी भरणारं) घड्याळ वेळ धरेना, की माणूस तडक घड्याळवाल्याशी भांडायला निघतो. भांडावं जरूर, पण नुसतं ‘बरोबर चालत नाही’ म्हटलं तर कारागिराने शोधायचं काय? मोबाइलशी लावून रोज त्याच वेळेला फरक सेकंदांत लिहावा, तीन-चार दिवस. दहा-वीस सेकंदांवर रुसू नये. सेकोच्या ७एस२६ या मशीनला, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्राला, कंपनीच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी मोकळीक देते.

रोज काही मिनिटं पुढे जात असेल तर पहिला संशय चुंबकाचा. त्याने हेअरस्प्रिंगचे, म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि तिच्यावर मागेपुढे झुलणारा बॅलन्स (चाक) घाई करतो. स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं चुंबकी बटण, यातलं काहीही पुरतं. डिमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, काम काही सेकंदांचं; फक्त बटण दाबून ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलं तर उलट चुंबक भरतं. एवढं करूनही पळत असेल तर वेढ्यांना तेल लागलंय, आणि ते काम कारागिराचंच.

रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद? क्राउनने (बाजूच्या गुंडीने) तीस-चाळीस फेरे चावी द्या आणि टेबलावर ठेवा. (७एस२६ला हाताने चावी बसत नाही, ते हलवूनच भरावं लागतं.) चाळीसेक तास चाललं तर मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) ठीक, दोष रोटरकडून, म्हणजे हात हलला की फिरणाऱ्या वजनाकडून, चावी भरणाऱ्या चाकांत, बहुतेकदा त्यांना तेल जास्त झालेलं असतं. वीस तासांतच थांबलं तर स्प्रिंग तिच्या डबीत पूर्ण भरण्याआधीच घसरतेय, म्हणजे डबीच्या भिंतीचं ग्रीस चुकलं. आणि लोकलचे धक्के खाऊन चावी भरते या भ्रमात राहू नये. कडी धरून वर ताणलेला हात चर्चगेटपर्यंत हलतोच कुठे?

सगळ्यात फसवा दोष मात्र वेगळाच. टायमिंग मशीन (टिकटिक ऐकून घड्याळाचा वेग मोजणारं) दिवसाला चारच सेकंदांचा फरक दाखवतं आणि मनगटावर घड्याळ अर्धा तास मागे! अशा वेळी सेकंदकाट्याकडे बघा. तो बरोबर आणि मिनिटकाटाच मागे, तर कॅनन पिनियन (मिनिटकाटा जिच्यावर बसतो ती नळी) सैल आहे. घड्याळाचं मशीन चोख चालतंय, काटे घसरतायत. वेळ लावताना क्राउन अगदी हलका फिरतो, ही त्याची खूण. याला रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करणारी पट्टी) कितीही सरकवा, फरक शून्य.

रेग्युलेटरला हात सगळ्यात शेवटी. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून ॲम्प्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २७० ते ३१० अंश हवा. टायमिंग मशीनवर लिफ्ट अँगल (झोका मोजण्यासाठी द्यावा लागणारा कोन) सेकोच्या ७एस२६ला ५३, ईटीए २८२४ या स्विस मशीनला ५० लावलेला नसेल तर तो आकडाही खोटा. २००च्या आसपास दिसला तर जुनं तेल नीट धुतलेलं नाही, किंवा पॅलेट फोर्कच्या (बॅलन्सला ढकलणाऱ्या तरफेच्या) आसाच्या टोकांना तेल दिलंय. ती कोरडीच ठेवायची असतात. अशा घड्याळाचा रेग्युलेटर सरकवून दिला तर काउंटरवर ते छान चालतं आणि पंधरवड्यात परत येतं. म्हणून घेताना नुसते पुढे-मागेचे सेकंद विचारू नका, ॲम्प्लिट्यूडही स्क्रीनवर दाखवायला सांगा.