पोटात काय साठले आहे, ते पाहून ठरले
आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या आमच्या वॉर्डातील आजींना तोंडाने पाणी सुरू करायचे की नाही, हे आज खाटेशेजारीच केलेल्या सोनोग्राफीवरून ठरले, आणि ती आम्हा परिचारिकांनी केली याचे मला मनापासून समाधान आहे.

शस्त्रक्रियेनंतर जठर आणि आतडी काही काळ मंदावतात, आणि साठलेले द्रव उलटून श्वासनलिकेत गेले, तर फुफ्फुसांवर बेतते. केवळ स्टेथोस्कोपने आतड्यांचे आवाज ऐकून आत किती साठले आहे, हे खात्रीने कळत नाही.

आजींना उजव्या कुशीवर वळवले, कारण त्या स्थितीत द्रव जठराच्या खालच्या भागाकडे उतरते. “सिस्टर, घोटभर पाणी तरी द्या,” असे त्या सकाळपासून विनवत होत्या. छातीच्या हाडाखाली मध्यरेषेवर सोनोग्राफी यंत्राचा प्रोब (त्वचेवर टेकवायचा भाग) उभा धरला, तेव्हा यकृताच्या डाव्या भागाजवळ जठर दिसले. रिकामे असते, तर ते चपटे दिसले असते. येथे ते चांगलेच फुगलेले होते, आत काळे द्रव आणि त्यात हवेचे पांढरे ठिपके. मापावरून काढलेला साठा वजनाच्या दर किलोमागे १.५ मिलिलिटर या सुरक्षित मानल्या जाणाऱ्या मर्यादेपेक्षा बराच अधिक भरला. डॉक्टरांनी पडद्यावर स्वतः पाहून पाणी थांबवले आणि साठलेले द्रव काढण्यासाठी नाकातून जठरात नळी घालण्यास सांगितले.

हे कौशल्य प्रत्येक शस्त्रक्रिया वॉर्डातील परिचारिकेला देखरेखीखाली शिकवले जावे, असे मला ठामपणे वाटते. मात्र वायूमुळे चित्र अस्पष्ट आले, तर अंदाज न बांधता ‘नीट दिसले नाही’ अशीच नोंद करायला हवी.