पौषातलं लग्न आणि वैराग रस्त्यावरची भट्टी

पौषात लग्नं होत नाहीत. कार्यालयं रिकामी, बँडवाले गावाकडे, भटजी निवांत. सोलापूर मात्र भोगीच्या दुपारी पांढऱ्या बाराबंद्या घालून एका लग्नाला निघतं, आणि लग्न दरवर्षी त्याच नवरा-नवरीचं असतं.

नवरी कुंभाराची. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या अंगणात सडा-रांगोळी करणाऱ्या या मुलीनं लग्न करीन तर यांच्याशीच असा हट्ट धरला. सिद्धरामेश्वर योगी, संसार त्यांना नको होता. पोरगी मागे हटेना, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. त्या योगदंडाचं रूप म्हणून आज सात नंदीध्वज मिरवतात. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून ते निघतात आणि सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. एवढा उंच ध्वज कमरेशी तोलून धरणं म्हणजे काय काम आहे, ते फोटोत कळत नाही. धरणाऱ्याच्या मानेच्या शिरा बघाव्या लागतात.

सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी उतरून मी गर्दीत उभा होतो. संमती वाचन झालं, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ सुरू झालं आणि चारी बाजूंनी अक्षता उडाल्या. शेजारच्या आजीबाई माझ्याशी मराठीत, सुनेशी कानडीत आणि नातवाशी तेलुगूत बोलत होत्या. त्यांच्या मते हे लग्न म्हणजे नवरीनं मिळवलेला विजय. मला तेवढी खात्री नाही. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, होम मैदानावर होम पेटतो आणि त्यात याच कुंभारकन्येची प्रतीकात्मक आहुती दिली जाते. एका दिवसाचा संसार, तोही काठीशी. पण बाराबलुतेदारांतल्या एका पोरीच्या हट्टापायी अख्खं शहर अजून रस्त्यावर येतं, हेही खरंच.

बलुतेदार आणि लग्न हा विषय तिथेच डोक्यात शिरला. कुंभाराशिवाय लग्न नाही, बोहल्याच्या उतरंडी त्याच्याच. सुताराचा चौरंग-पाट, परटाच्या पायघड्या. लोहाराचं काय? तर नवरदेवाच्या हातातली कट्यार. हळद लागली की नवरदेवाला एकट्याला सोडत नाहीत आणि हात रिकामा ठेवत नाहीत. कट्यार, नाहीतर सुरी, टोकाला लिंबू खोचलेलं. कुणाकडे अडकित्ता. लोखंड जवळ असलं की बाहेरचं काही बाधत नाही, हा समज. आता ती सुरी मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून येते आणि लग्न लागल्यावर बहुधा कांदा चिरायला परत जाते.

या यात्रेत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेबाहेर, पाळण्यांच्या आवाजापलीकडे, रस्त्याच्या कडेला एक घिसाडी कुटुंब बसलेलं होतं. पुढ्यात खुरपी, विळे, तवे, उलथणी. जमिनीत खोचलेली छोटी ऐरण, हातानं फिरवायचा पंखा, आणि घण बाईच्या हातात. नवरा बसून सांडशीत लाल लोखंड धरतो, बायको उभी राहून घण घालते. घिसाड्यांमध्ये हे सर्रास आहे आणि तिकडे राजस्थानच्या गाडिया लोहारांमध्येही. १५६८ साली चित्तोड पडलं तेव्हा, गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही अशी शपथ घेऊन आपण गाड्यांवर निघालो, असं ते सांगतात. शपथ नवऱ्यांनी घेतली असेल; गाडीवरचा संसार आणि हातातला घण बायकांच्या वाट्याला आला.

मी तिथे रेंगाळलेलो पाहून खुरपं घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं वैराग रस्त्यावरच्या आपल्या गावचा पत्ता दिला. “आमचा लोहार आजून भट्टी पेटवतो. त्यो आन् त्याची मालकीन. बगून तर या.”

बार्शीकडे जाणारी एसटी वैरागवरून जाते. शहर सुटलं की दोन्ही बाजूंना मालदांडी ज्वारी कणसांवर आलेली, मध्येच करडईचा तुकडा, आणि रानात हुरड्याच्या आगट्यांचा धूर. गोफणीचे आवाज मात्र कमी झालेत. पाखरं राखायला आता चकाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधतात.

भट्टी वेशीजवळच होती. पत्र्याचं छप्पर, बाहेर ट्रॅक्टरच्या अवजारांचा ढीग, भिंतीला टेकवलेली बैलगाडीच्या चाकाची एक जुनी लोखंडी धाव. मामा सत्तरीपुढचे, हाताला सगळीकडे बारीक भाजल्याचे डाग. मामी बाजूला वाटीत तंबाखू मळत बसल्या होत्या. मी बूट काढू की नको या विचारात, तर मामी म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या पाव्हणं, ठिणगी पडंल पायावर.”

काम कोयत्याचं चाललं होतं. लोखंड ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं. ऊसतोडीच्या कोयत्याला याच्यासारखं पोलाद नाही असं मामांचं मत. पाट्याचा तुकडा कोळशात केशरी झाला की मामा तो ऐरणीवर घेत. उजव्या हातात छोटा हातोडा. त्या हातोड्यानं ते कोयता घडवत नव्हते, जागा दाखवत होते. जिथे हातोडी टेकेल तिथेच पुढच्या क्षणी मामींचा घण. टिक, धप्प. टिक, धप्प. तोंडानं एक शब्द नाही. मग मामांनी हातोडी लोखंडाऐवजी मोकळ्या ऐरणीवर दोनदा आपटली आणि मामींनी घण खाली टेकवला. बास, असा त्याचा अर्थ.

“बोलायचं न्हाई का?” मी विचारलं.

“बोलंपतूर लोखंड गार हुतंय,” मामी म्हणाल्या. “भांडान घरी. हितं न्हाई.”

त्या ऐरणीवरच्या टकटकीनं मला स्कॉटलंडमधलं एक गाव आठवलं. इंग्लंडच्या सरहद्दीला लागून ग्रेटना ग्रीन म्हणून आहे. इंग्लंडमध्ये १७५३ साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून एकवीस वर्षांखालच्यांना आईबापाच्या संमतीशिवाय लग्न करणं अवघड झालं. स्कॉटलंडमध्ये दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटलं की पुरे. झालं, पळून आलेली जोडपी घोडागाडी उधळत सरहद्द ओलांडायची आणि लोहाराच्या दुकानाशी थांबायची. ऐरणीवर हातोडा पडला की लग्न लागलं. लग्नं लावणाऱ्यांना ‘ऐरणीचे पाद्री’ म्हणत. त्यांतले बरेचसे प्रत्यक्षात लोहार नव्हतेच, पण लोकांना कथेत लोहारच हवा होता. १८५६ साली २१ दिवस वास्तव्याची अट आली आणि धावपळीतली मजा गेली. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली धाकटी, उनाड लिडिया पळून जाताना चिठ्ठीत याच गावाचं नाव लिहिते. पोचत मात्र नाही.

हे सगळं मामा-मामींना सांगितलं. मामा हसून हसून खोकले. त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता: “लोहाराला काय मिळायचं?” पैसे मिळायचे, भरपूर, असं म्हटल्यावर मामींनी नवऱ्याकडे असं पाहिलं की पन्नास वर्षं चुकीचा धंदा केला.

मला कथा-कादंबऱ्यांतल्या लोहारांचा जरा रागच आहे. दुसऱ्यांचं जुळवायला, नाहीतर बायकोचं सोसायला. ग्रीकांचा लोहारदेव हेफेस्टस लंगडा, बायको जगातली सर्वांत सुंदर, आणि ती दुसऱ्याची. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला ज्यो हा दणकट माणूस कजाग बायकोपुढे मांजर होऊन बसतो, त्याला नीट संसार मिळतो तो दुसऱ्या लग्नात, कादंबरी संपत आल्यावर. भट्टीवर दोघं मिळून काम करताना दिसतात ती आपल्याकडे. भालजी पेंढारकरांचा १९६५ सालचा ‘साधी माणसं’ हा चित्रपट आठवा. त्यातलं जगदीश खेबुडकरांचं ‘ऐरणीच्या देवा’ आपण सगळे डोळे मिटून ऐकतो, पण ते एका कामकरी जोडप्याचं गाणं आहे आणि त्यातलं मागणं दोघांचं मिळून आहे.

आणि पुराणातला विश्वकर्मा. त्याची मुलगी संज्ञा सूर्याला दिली. नवऱ्याचं तेज तिला सोसवेना. आपल्या जागी छाया ठेवून ती बापाकडे आली. बापानं आधी तिला समजावून परत पाठवायलाच पाहिलं, तेव्हा ती घोडी होऊन रानात निघून गेली. पुढे सूर्याला सगळं कळलं आणि विश्वकर्म्यानं जावयाला चाकावर चढवून, लेथवर चढवावं तसं, त्याचं तेज घासून कमी केलं. निघालेल्या किसातून विष्णूचं चक्र झालं, शंकराचा त्रिशूळ झाला. मार्कंडेय पुराणात ही कथा आहे. मामांना ती तोंडपाठ होती, त्यांच्या घरात विश्वकर्म्याची तसबीर होती आणि मनू हा लोखंडाचं काम करणारा त्याचा मुलगा म्हणजे आपला मूळपुरुष, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

मामींनी कथेचा निकाल एका वाक्यात लावला. “आदी समदे बाप पोरीलाच घासत्यात. ह्यो लोहार व्हता म्हून जावायला घासायची अक्कल तरी आली.”

त्यांचं स्वतःचं लग्न बहात्तरच्या दुष्काळात ठरलं. सोलापूर जिल्ह्यात तेव्हा रस्त्याची, खडी फोडायची कामं निघाली होती. हजारो माणसं कामावर आली म्हणजे हजारो पहारी, छिन्न्या, टिकाव रोज बोथट होणार. त्यामुळे लोहारांना कधी नव्हे ते काम. दोन गावांचे दोन लोहार एकाच कामावर हत्यारं शेवटायला, म्हणजे त्यांना पुन्हा धार काढायला, बसले. एकाचा मुलगा, एकाची मुलगी. मुलगी बापाचा भाता ओढायची. “मी तिचं काम बगितलं,” मामा म्हणाले, “त्वांड नंतर बगितलं.” देवक म्हणून पंचपाळवीबरोबर सांडशी आणि हातोडा पुजला. जेवणावळ परवडणार नव्हती. कामावर मिळणाऱ्या सुकडीचे लाडू केले. आणि नवरदेवाच्या हातातली कट्यार? मामांनी स्वतः घडवलेली, आदल्या रात्री, मोडक्या पहारीच्या तुकड्यातून. ती अजून घरात आहे. मामी तिनं शेंगा भाजताना तवा खरवडतात.

भिंतीला टेकवलेल्या धावेबद्दल विचारलं तेव्हा मामांनी काम थांबवून सांगितलं. बैलगाडीचं चाक सुताराचं. लोखंडी धाव मुद्दाम चाकापेक्षा घेरानं जरा कमी करायची. मग गोवऱ्यांच्या रिंगणात ती लाल करायची, म्हणजे फुगते. चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी. लाकूड पेटायच्या आत. थंड होताना धाव आवळते आणि चाकाचे सगळे सांधे कचकन बसतात. खिळ्याची खरं तर गरज राहत नाही. “नवीन सुनंसारखं हाय,” मामा सांगायला लागले, “आदी जरा तंग वाटतंय...” मामींनी घणाकडे हात नेला आणि दृष्टांत तिथेच संपला.

रबरी चाकं आल्यावर धावांचं काम गेलं. बलुतं तर कधीच गेलं. पूर्वी खळ्यावर वर्षाची ज्वारी मिळायची, आता प्रत्येक शेवटणीचे रोख पैसे आणि तेही उधार. मुलाचं बार्शीला वेल्डिंगचं दुकान आहे. त्याला मुलगी मिळायला पाच वर्षं गेली, कारण मुलीकडचे विचारायचे, सूनबाईला घण घालावा लागेल का? दुकानात घण नाही हे मामांना प्रत्येक बैठकीत शपथेवर सांगावं लागलं. सून आता दुकानाचे हिशेब बघते, मोबाइलवर पैसे घेते, ग्रील-गेटची डिझाइनं गिऱ्हाइकाला दाखवते. मामींच्या लेखी हे काम नव्हे. मी म्हटलं, जागा ती दाखवते आणि नवरा जोडतो, उलटं झालं इतकंच. मामींना ते पटलं नाही. मामांना पटलं, पण ते गप्प बसले.

तोवर कोयत्याला पाणी द्यायची वेळ झाली. सगळा कोयता बुडवत नाहीत, नुसती धार. मग पाठीकडची उष्णता हळूहळू धारेकडे उतरते आणि घासून चकचकीत केलेल्या पोलादावर रंग सरकतात: आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळट. योग्य रंगाला पुन्हा पाण्यात. लवकर बुडवला तर धार काचेसारखी तुटते, उशीर झाला तर वाकते. रंग बघायचं काम मामींचं. मामांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तांबूस आणि जांभळट यांतला फरक नीट दिसत नाही. त्या “हां” म्हणाल्या आणि मामांनी कोयता बुडवला.

मी एक खुरपं घेतलं. मामांनी शंभर सांगितले, मामींनी दीडशे. दीडशे दिले. हुरडा खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही, शेंगाचटणी आणि वर गूळ. शेवटची एसटी फाट्यावर साडेपाचला येते असं गावात सगळे सांगतात. ती सहाला येते.