बाजारात आज जे पाहिलं

आज आठवडी बाजारात एका बाईची पर्स गेली. कुणी धड चौकशीही केली नाही, थेट पलीकडे लिंबू-मिरच्या विकणाऱ्या पारधी बाईला घेरलं. तिची पाटी रस्त्यावर उपडी केली, पदर झाडायला लावला. पर्स भाजीच्या पोत्यामागं सापडली. घेरणारे पांगले, लिंबं वेचायला एकही जण वाकला नाही. तेव्हापासून डोकं तापलंय.

हा संशय आपोआप आलेला नाही, कायद्यानं पेरलाय. १८७१ साली इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हे त्यामागचं तर्कट! भटक्यांवर सरकारला नजर ठेवायची होती. त्यात जंगल कायद्यांनी पारध्यांची शिकार तोडली, रेल्वेनं बंजाऱ्यांचा मीठ-धान्याचा व्यापार बसवला. पोट मारायचं आणि वर गुन्हेगार ठरवायचं. जन्मलेलं मूलच गुन्हेगार. रोजची हजेरी, गाव सोडायला परवाना. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांमधून विमुक्त, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या, जमातींना गुन्हेगार मानणारे उल्लेख काढा, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्ये सांगावं लागलं. २०२४!

आज घेरणाऱ्यांत शिकलेली, चांगल्या नोकरीतली माणसं होती. त्यांच्याशी उद्या बोलणार आहे, नावानिशी.