माशांच्या तीन फुटी काचेच्या टाकीची गळती : आतले सिलिकॉन नव्याने भरताना

बेळगावात ऐन पावसाळ्यात टाकीखालचा थर्मोकोल ओला दिसला, तर तो हवेतला दमटपणा की गळती हे लवकर ठरत नाही. त्यातच पाणी जिथे टपकते तिथेच ते गळत असते असे नाही; तळकाचेखालून सरकत ते भलत्याच कोपऱ्यात बाहेर पडते. म्हणून बाहेरचे सगळे सांधे कोरडे पुसून मी त्यांवर टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवल्या आणि सकाळी पाहिले, तेव्हा मागच्या डाव्या उभ्या सांध्याच्या तळाशी असलेली एकच पट्टी भिजलेली होती. बॅटरीच्या तिरप्या उजेडात काच तपासली. तडा कुठेच नव्हता. तडा असता तर नुसत्या सिलिकॉनवर भागले नसते, आतून काचेची पट्टी चिकटवावी लागली असती किंवा ती काचच बदलावी लागली असती.

मासे टाकीतल्याच पाण्यासह मोठ्या टबात हलवले आणि स्पंज फिल्टर न धुता तिथे चालू ठेवला, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच असतात.

खरी मेहनत जुने सिलिकॉन काढण्याची आहे. वाळलेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट धरत नाही. त्यामुळे गळक्या जागी वरून थर देण्यापेक्षा सांध्यांवरची सिलिकॉनची आतली संपूर्ण कड काढणे हाच माझ्या मते योग्य मार्ग आहे. मात्र दोन काचांच्या मधले, टाकीला धरून ठेवणारे सिलिकॉन शाबूत होते, त्याला ब्लेड लागू दिले नाही. कड निघाल्यावरही काचेवर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर उरतो. बोट फिरवल्यावर स्वच्छ काच करकरते आणि थर असेल तिथे बोट अडखळते. सगळीकडे करकर ऐकू येईपर्यंत ब्लेड आणि अ‍ॅसिटोनने पुसणे चालू ठेवले. त्यानंतर टेबलफॅन लावून सांधे पूर्ण सुकवले.

सिलिकॉन घेताना दुकानदारांना स्पष्ट सांगितले, “मामा, बाथरूमचं नको, बुरशीचं औषध नसलेलं साधं काचेचं द्या.” ते औषध माशांना घातक ठरते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, एका दमात धार सोडून, ओल्या बोटाने ती दाबली आणि साय धरण्याआधी टेप काढून घेतला. हे सिलिकॉन हवेतील बाष्पामुळेच घट्ट होते, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाचा इथे अडथळा होत नाही. अट एवढीच की लावताना काच कोरडी हवी. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, टाकीला हात लावला नाही.

आता व्हरांड्यात, सपाट फळीवर, चाचणी चालू आहे. पाणी अर्ध्या उंचीपर्यंत असताना उभ्या काचेवर पूर्ण भरलेल्या टाकीच्या केवळ एक चतुर्थांश जोर येतो. म्हणून अर्ध्या टाकीची चाचणी पुरेशी मानू नये. टप्प्याटप्प्याने नेहमीच्या पातळीपर्यंत, सुमारे शंभर लिटर पाणी भरले आहे आणि पट्ट्या अजून कोरड्या आहेत. हे पाणी मी टाकून देणार आहे. त्यानंतर टाकी स्टँडवर नव्या थर्मोकोलवर ठेवून, नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन मिसळून भरीन आणि टबातला स्पंज फिल्टर माशांबरोबरच आत सोडीन.