‘ग्राहक उपलब्ध नाही’: हेडफोनची बॅटरी बदलताना

मी त्या दिवशी घरीच होतो. ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो, फोन मांडीवर, रेंजही बरी. तरी दुपारी चारला मेसेज आला: ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही.’ कुरिअरवाला सोडा, त्या दिवशी गावात भंगारवालासुद्धा फिरकला नव्हता.

पार्सलात होतं काय, तर अडीचशे रुपयांची, काडेपेटीहून लहान बॅटरी. हरभऱ्याला रातच्या लायनीत, म्हणजे रात्री वीज येते तेव्हा, ओलित करताना हेडफोन लागतो मला. आई म्हणते, “कान बुजून बसल्यावर डुक्कर आलं तं आयकू कसं यीन तुले?” म्हणून एकच कान झाकतो. तीन वर्षांपूर्वी आठवडाभर पुरणारा हेडफोन या हंगामात पहिला वाफा भरायच्या आतच बंद पडायला लागला.

कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, या मॉडेलची बॅटरी बदलत नाही, नवा घ्या, सूट देतो. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांत ग्राहकाला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी द्यावी लागणार आहे. म्हणजे जमत नाही असं काही नाही.

मग स्वतःच उघडला. कानाची गादी ओढून काढली की खाली बारीक स्क्रू असतात. मी आधी डावा कान उघडला, त्यात फक्त सर्किट निघालं. बॅटरी उजव्यात. तिच्यावर ५०२५३५ छापलेलं होतं. हा मॉडेल नंबर नाही, माप आहे: जाडी ५ मिलिमीटर, रुंदी २५, लांबी ३५. माप आणि ३.७ व्होल्ट जुळलं की झालं. बॅटरी ऑनलाइन मागवली आणि तिथून माझे वाईट दिवस लागले.

दिल्लीहून यवतमाळपर्यंत ती सहा दिवसांत आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुटी लिथियम बॅटरी १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून चढवत नाहीत, त्यामुळे ती रस्त्यानंच येणार. तिथून आमच्या तालुक्याच्या गावी, दारव्ह्यालाही पोचली. पुढचे माझ्या गावापर्यंतचे सोळा किलोमीटर मात्र तिला नऊ दिवसांत जमले नाहीत. आमची शकुंतला, ती बंद पडलेली छोटी रेल्वे, चालू असती तर तिनंही एवढा वेळ घेतला नसता.

दुसऱ्या दिवशी तोच मेसेज. कस्टमर केअरला फोन लावला तर हिंदीत एक दाबा, दोन दाबा, मग गाणं, मग बाई म्हणाली, “सर, आपका पिनकोड सर्विसेबल है.” बाई, पिनकोडचं नाही, माझं बोला ना! तिसऱ्या दिवशी काळी-पिवळीनं दारव्ह्याला गेलो. ऑफिस म्हणजे एक शटर, आत गोण्या. तिथला म्हणाला, मुलगा माल घेऊन निघाला, संध्याकाळी या. संध्याकाळी शटर बंद. चौथ्या दिवशी कारण ऐकलं, “लिथियम हाय ना भाऊ, इमानानं येत नाई, म्हणून उशीर.” दारव्ह्यात विमान कुठून उतरणार होतं, ते त्यालाच माहीत.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. मग कुरिअरचा मेसेज आला, ‘पार्सल पाठवणाऱ्याकडे परत.’ तीन प्रयत्न झाले की आपोआप परत जातं म्हणे. माझ्या दारात एकही न होता तीन झाले होते. तसाच पुन्हा दारव्ह्याला गेलो आणि परतीच्या गोणीतून स्वतः शोधून काढलं.

डिलिव्हरीचा पोरगा तिथंच भेटला. मी चिडलेलाच होतो. तो म्हणाला, “भाऊ, एका पार्सलसाठी सोळा किलोमीटर कोन येईन? पार्सलामागं पैसे भेटते मले, पेट्रोल माह्यंच.” यावर काय बोलणार? त्याच्यावर चिडावं तर तो माझ्याहून अडलेला. शिकलो ते एवढंच, की पहिला खोटा मेसेज आला त्याच दिवशी ऑफिसात जाऊन ‘इथंच ठेवा, मी नेतो’ असं सांगायचं. त्याहून बरं म्हणजे पत्ता तालुक्यातल्या ओळखीच्या दुकानाचा द्यायचा. मी आता कृषी केंद्राचा देतो.

बसवायला स्टँडजवळच्या मोबाइलवाल्यानं पंधरा मिनिटं घेतली आणि शंभर रुपये. त्यानं आधी लाल वायर कापून टोकाला टेप लावली, मगच काळी. दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीतूनच शॉर्ट होतो. हां, मागवताना वायरी मोजायच्या राहून जातात. तिसरी बारीक वायर असेल तर ती तापमान सांगणारी असते, तेव्हा तीन वायरींचीच बॅटरी घ्या. माझी दोनचीच होती.

जुनी बॅटरी फुगली होती. मोबाइलवाल्याचा पोरगा ती टोचून पाहायला निघाला, मी हातातून ओढली. टोचली की पेट घेते ती. मेच्या उन्हात टिनाच्या खोलीत हेडफोन चार्जिंगला ठेवायचो, म्हणूनच ती लवकर गेली असावी. पंचेचाळीस डिग्रीच्या वर चार्ज करायचं नसतं आणि आमच्याकडे तेवढं सावलीतच असतं.

जुनी घ्या म्हटलं तर दुकानदार म्हणाला, नालीत टाका. २०२२ च्या नियमांनी ती गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण दारव्ह्यात द्यायची कुठं? सध्या ती गोठ्याच्या फळीवर, रेती भरलेल्या डब्यात आहे. आई विचारते, डब्यात काय पेरलं रे?