‘छेत्री तयार आहे, ताई’

भाच्याला वाढदिवसाला इंडियाच्या फुटबॉल टीमची निळी जर्सी हवी होती, पाठीवर ‘छांगटे’ छापून. दादरच्या दुकानातला माणूस म्हणाला, “छेत्री तयार आहे, ताई. अकरा नंबर. तोच घ्या ना.” सुनील छेत्री म्हणजे इंडियाचा माजी कॅप्टन, पण भाचा हलेना. मग दुकानदाराने स्पेलिंग लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, “हा कुठला, बाहेरचा का?”

बाहेरचा! लालियानझुआला छांगटे मूळचा मिझोरामचा, पण मुंबई सिटी क्लबच्या जर्सीत आमच्या अंधेरीतच धावत आलाय. 2022-23 मध्ये देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून फेडरेशनने त्याला निवडलं. उलट छेत्रीचा क्लब बंगळुरू. (तोही एकेकाळी मुंबईकडून खेळलाय, 2015 मध्ये आयएसएल या देशातल्या फुटबॉल लीगमधली भारतीयाची पहिली हॅट्ट्रिक त्याने आपल्याच संघासाठी मारली. पण ते आता कुणाच्या लक्षात आहे?)

छेत्रीवर माझा राग नाही. उलट मी स्वतः त्याच्याच सांगण्यावरून फुटबॉल बघायला गेले. 1 जून 2018 ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात भारताने चायनीज तैपेईला 5-0 ने हरवलं, तीन गोल एकट्या छेत्रीचे, आणि प्रेक्षक किती? 2,569. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला: शिव्या घाला, टीका करा, पण मैदानात या. देशाच्या कॅप्टनने असे हात जोडावेत, मलाच कसंतरी झालं. 4 तारखेला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच होती. भाच्याला घेऊन आझाद नगर मेट्रोला उतरले, तर वीरा देसाई रोडवर छत्र्याच छत्र्या. स्टेडियम खच्चून भरलेलं. पाऊस असा की बॉल मैदानातल्या पाण्यात रुतून बसत होता.

3-0 ने जिंकलो. दोन गोल छेत्रीचे, मधला टीममधल्याच जेजेचा. जेजेचा गोल झाला तेव्हा आमच्या स्टँडमध्ये आरडाओरडा सुरू झाला, “छेत्री! छेत्री!” शेजारचे काका तर मला सांगायला लागले, “बघा, दुसरा मारला त्याने.” मीही मान डोलावली. भाचा तेव्हा सात वर्षांचा, तोच ओरडला, “आत्या, तो जेजे होता!”

तेव्हापासून हा पोरगा असाच. सगळे एकाचं नाव घेतात म्हटल्यावर मुद्दाम दुसऱ्याचं शोधणारा. मेस्सी, रोनाल्डोच्या जर्सी घातलेल्या त्याच्या मित्रांना छेत्री निदान ऐकून तरी माहीत असतो. छांगटे म्हटलं की विषयच बदलतात.

दुकानदाराकडे सुटे ‘एच’ नव्हते. थोडा वेळ डोकं खाजवून त्याने छेत्रीचं तयार पाकीट फोडलं. त्यातून सी, दोन एच, टी आणि ई उचलले, ड्रॉवरमधून ए, एन, जी शोधून मधे लावले, आणि हीट प्रेस खाली ओढला. जर्सी गरम गरमच भाच्याने अंगात घातली.

काउंटरवर आर आणि आय उरले होते.